ग्लायडरच्या पंखाचा ड्रॅग मोजणारी फणी: बनवणं, तपासणं आणि उडवणं

ताशी १०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या ग्लायडरच्या पंखाला घासून गेलेली हवा मागच्या कडेवरून सुटते तेव्हा थोडी थकलेली असते. पुढून मागे ८०० मिलिमीटर रुंदीचा चांगला पंख घेतला आणि त्यामागच्या १०० मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यात दाबाची सरासरी घट मोजली, तर ती साधारण ३० पास्कल भरते. पाण्याच्या नळीत ही घट जेमतेम ३ मिलिमीटर दिसेल. पंख नीट पुसल्याने पडणारा फरक याच्याही दहाव्या भागाइतका असू शकतो. हे ३ मिलिमीटर घरी बनवलेल्या साधनाने विश्वासाने मोजता येतात. मात्र सगळी मेहनत गळती, शून्य आणि जोडणी या तीन गोष्टींवर घ्यावी लागते.

यातून काय कळतं आणि काय नाही, हे आधी स्पष्ट हवं. पंखामागच्या मंदावलेल्या हवेच्या पट्ट्याला इथे वेक म्हणू. वेकमधली दाबाची घट म्हणजे पंखाच्या त्या एका छेदाचा प्रोफाइल ड्रॅग (ड्रॅग म्हणजे हवेचा विरोध): हवेच्या घर्षणाचा आणि पंखाच्या आकारामुळे येणारा. उचल निर्माण करताना लागणारा प्रेरित ड्रॅग, धड, शेपूट आणि धड-पंखाचा सांधा यांचा यात हिशेब नाही. संपूर्ण ग्लायडरचा ग्लाइड रेशो (एक मीटर उतरताना किती मीटर पुढे जातो तो आकडा) यातून काढायला जाऊ नका. पण कीटक चिकटल्याने किती नुकसान होतं, झिगझॅग टेप (पंखालगतची हवा मुद्दाम खवळवणारी नागमोडी पट्टी) कुठे लावली की फायदा होतो, पृष्ठभागावरच्या लाटा घासून काढल्याचा उपयोग झाला का, अशा प्रश्नांना यासारखं थेट उत्तर दुसरं नाही. वेकमधून ड्रॅग काढण्याचं सूत्र १९२५ मध्ये बेट्झ यांनी मांडलं. १९३०च्या दशकात केंब्रिजच्या मेलविल जोन्स यांनी ते प्रत्यक्ष उड्डाणात वापरण्याजोगं सोपं केलं. आपली फणी त्याच विचाराचं आणखी सोपं रूप आहे.

फणीचं तत्त्व

वेकमध्ये एकावर एक २५ बारीक नळ्या पुढे तोंड करून उभ्या करायच्या. प्रत्येक नळी आपल्या जागेचा एकूण दाब घेते, म्हणजे हवेचा स्वतःचा स्थिर दाब अधिक तिच्या वेगामुळे येणारा दाब. सगळ्या नळ्या मागे एका बंद कोठीत उघडतात. नळ्यांची लांबी आणि आतला व्यास सारखा असेल, तर कोठीतला दाब म्हणजे २५ जागांच्या दाबांची सरासरी. वेकच्या बाहेर एक सुटी संदर्भ नळी ठेवायची. ती न थकलेल्या हवेचा एकूण दाब देते. सेन्सरच्या एका तोंडाला संदर्भ नळी, दुसऱ्याला कोठी जोडली की दाबाची घट थेट वाचता येते.

या जोडणीत एक मोठी सोय आहे. पंखाजवळ स्थिर दाब जागोजागी बदलतो, पण वेकबाहेरचा एकूण दाब सगळीकडे सारखाच असतो. त्यामुळे संदर्भ नळी थोडी इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही.

सामान

- स्टेनलेस स्टीलची नळी: बाहेरचा व्यास १.६ मिमी, आतला सुमारे १.२ मिमी. १६ गेजच्या बोथट सुया जवळपास याच मापाच्या असतात, पण लांबी तपासून घ्या. ६५ मिमीचे २६ तुकडे लागतील.
- कोठीसाठी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी, ८ × ८ मिमी, १ मिमी जाडीची.
- पायांसाठी ॲल्युमिनियमची पट्टी, २५ × ३ मिमी.
- ३ मिमी आतल्या व्यासाची सिलिकॉन नळी, दोन सारख्या लांबीची.
- सलाइनच्या संचातला तीन-तोंडी कॉक.
- इपॉक्सी, ५० मिमी रुंद पीव्हीसी टेप.
- दाबफरकाचे दोन सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, मेमरी कार्ड, बॅटरी.

सेन्सर निवडताना होणारी चूक

बाजारात दाबफरकाचे दोन प्रकारचे सेन्सर मिळतात. एका प्रकारात पडदा असतो, हवा आरपार जात नाही. दुसऱ्या प्रकारात आतून अगदी थोडी हवा वाहते आणि तिच्या उष्णतेवरून दाब काढला जातो. हा दुसरा प्रकार शून्याला फार पक्का असतो, म्हणून मोह होतो. पण इथे तो चालत नाही. संदर्भ नळी एकच आणि बारीक, त्यापुढे काही मीटर सिलिकॉन नळी. त्यातून हवा वाहू लागली की वाटेतच दाब पडतो आणि सेन्सरला मिळतो तो उरलेला दाब. आकडा स्थिर, सुंदर आणि चुकीचा येतो. शिवाय असे सेन्सर हवेच्या घनतेवरही अवलंबून असतात, म्हणजे उंचीप्रमाणे वेगळी दुरुस्ती लागते.

म्हणून पडद्याचाच सेन्सर घ्या. हनीवेलच्या एचएससी मालिकेतला ±१ इंच पाण्याचा, म्हणजे ±२४९ पास्कलचा सेन्सर या कामाला बरोबर बसतो. त्याच्या १४ बिट आकड्याची एक पायरी सुमारे ०.०४ पास्कलची पडते. वेगाचा दाब मोजायला मोठा पल्ला लागतो: ताशी १०० किमीला समुद्रसपाटीच्या घनतेत ४७३ पास्कल, १६० किमीला सुमारे १,२१० पास्कल. तिथे ±२ किलोपास्कलचा सेन्सर पुरतो.

पडद्याच्या सेन्सरचा दोष म्हणजे तो तापमानाने सरकतो आणि कलतं केल्यानेही थोडा हलतो. त्यावर उपाय तीन-तोंडी कॉक. कोठीकडून येणारी नळी कॉकमधून सेन्सरकडे न्या आणि कॉकचं तिसरं तोंड संदर्भ नळीला टी-जोडाने जोडा. कॉक फिरवला की सेन्सरच्या दोन्ही तोंडांना एकच दाब मिळतो. तेव्हाचा आकडा म्हणजे शून्य. तो उड्डाणातही केव्हाही घेता येतो, आणि घ्यायलाच हवा.

फणी बनवणं

कोठीची नळी ११० मिमी लांब कापा. एका बाजूवर ४ मिमीच्या अंतराने २५ खुणा करा. पहिली ते शेवटची खूण ९६ मिमी होते, पण प्रत्येक नळी ४ मिमीच्या पट्ट्याची जबाबदारी घेते म्हणून फणीची हिशेबाची उंची १०० मिमी. १.७ मिमीच्या ड्रिलने भोकं पाडा. ड्रिल प्रेस नसेल तर आधी लाकडी पट्टीत भोकांचा साचा करा. हाताने सरळ २५ भोकं एका रांगेत येत नाहीत.

नळ्या कापताना कातरी किंवा पक्कड वापरू नका, तोंड चेपतं. बारीक कापणीच्या चकतीने कापा, तोंड सपाट घासा आणि आतली कोर टोकदार सुईने फिरवून काढा. भिंगाखाली एकेक तोंड पाहा. आत राहिलेली बारीकशी चिवट कड त्या नळीचा वाटा कमी करते आणि सरासरी एकीकडे झुकते.

प्रत्येक नळी ५ मिमी कोठीच्या आत आणि ६० मिमी बाहेर बसवा. हे ६० मिमी कोठीच्या जाडीच्या सातपटीहून जास्त आहेत. कोठीपुढे हवा तुंबते, आणि तोंडं त्यापासून एवढी दूर हवीत. इपॉक्सी लावताना प्रत्येक नळीत १ मिमीची तेल लावलेली तार ठेवा आणि अर्धवट सुकल्यावर काढा. नाहीतर एकदोन नळ्या हमखास बंद होतात. दोन्ही टोकं बंद करा. मागून एक जाड निप्पल बसवा.

सव्विसावी नळी ही संदर्भ नळी. तिला फणीच्या वरच्या टोकापासून ४५ मिमी वर एका पातळ पट्टीने धरा. कोठीशी तिचा संबंध येऊ देऊ नका.

पायांसाठी २८५ मिमीच्या दोन पट्ट्या घ्या. दोन पायांत १५० मिमी अंतर आणि मागच्या टोकाला आडवी पट्टी. फणी त्या आडव्या पट्टीच्या मध्यावर उभी. इथे वजन वाचवायला १.५ मिमी जाडीची पट्टी वापरावीशी वाटते. तसं करू नका. वाकण्याला पट्टीचा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. पातळ पट्टीवर फणी सेकंदाला सात-आठ वेळा डुलते, ३ मिमीवर घट्ट राहते. सगळं मिळून वजन सुमारे २०० ग्रॅम होतं.

जमिनीवरच्या तीन तपासण्या

पहिली गळतीची. सगळ्या तोंडांवर मऊ रबराची पट्टी दाबून बसवा, सिरिंजने कोठीतला दाब १०० मिमी पाण्यापर्यंत नेऊन कॉक बंद करा. मिनिटाभरात २ मिमीपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. संदर्भ नळीचीही अशीच तपासणी करा.

दुसरी समानतेची, आणि हीच लोक टाळतात. फिश टँकच्या हवापंपाची नळी घ्या, तिला टी-जोडाने एक सुटी वाट द्या आणि ती चिमटून दाब १०० पास्कलवर स्थिर करा. हा दाब एकेका नळीच्या तोंडाला द्या, बाकी २४ उघड्या ठेवा. कोठीत दर वेळी सुमारे १०० ÷ २५ म्हणजे ४ पास्कल दिसायला हवेत. तोंडाशी थोडा दाब वाया जातो म्हणून आकडा जरा कमी येईल, त्याची काळजी नको. पंचवीसही आकडे एकमेकांशी ५ टक्क्यांत जुळले पाहिजेत. एखादी नळी ३ दाखवत असेल तर ती अर्धवट तुंबली आहे.

तिसरी सेन्सरची. १ मीटरला १०० मिमी चढणारी तिरकी पारदर्शक नळी, खाली रुंद भांडं, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब. उंचीचा १ मिमी म्हणजे ९.७९ पास्कल, आणि तो तिरक्या नळीवर जवळजवळ १० मिमी दिसतो. इथे एक लपलेली चूक आहे. नळीत पाणी चढतं तेव्हा भांड्यात पातळी उतरते. ४ मिमीची नळी आणि ६० मिमीचं भांडं असेल, तर नळीवर ३०० मिमी सरकल्यावर भांड्यातली पातळी १.३३ मिमी उतरते. खरा फरक ३० नसून ३१.३३ मिमी होतो, म्हणजे साडेचार टक्क्यांची चूक. आपण शोधतोय तो फरकच तेवढा असू शकतो! १२० मिमीचं भांडं घेतलं की चूक एका टक्क्यावर येते. उरलेली हिशेबात धरा. ० ते २०० पास्कलमध्ये चढताना सहा आणि उतरताना सहा नोंदी घ्या.

पंखावर बसवणं

कुठल्याही नोंदणीकृत ग्लायडरवर बाहेरून काही बसवायला तुमच्या देशाच्या विमानवाहतूक नियमांनुसार परवानगी आणि परवानाधारक अभियंत्याची सही लागते. ती घ्या. खालच्या अटी त्याव्यतिरिक्तच्या आहेत आणि त्यांत तडजोड नाही.

एलेरॉन किंवा फ्लॅपवर (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागांवर) फणी कधीही लावायची नाही. कंट्रोल पृष्ठभागाच्या मागच्या कडेला २०० ग्रॅम वाढले की त्याचा वजनतोल बिघडतो आणि फ्लटर (आपोआप वाढत जाणारी थरथर) सुरू होऊ शकतो. फ्लॅप नसलेला ग्लायडर घ्या. एलेरॉनच्या आतल्या बाजूची स्थिर मागची कड वापरा. एअरब्रेकच्या पेटीमागची जागा टाळा, कारण झाकणाच्या फटीतून हवा येते आणि सीमास्तर (पंखाला लागून वाहणारा हवेचा पातळ थर) आधीच बिघडलेला असतो. आडव्या शेपटीच्या टोकापेक्षा फणी बाहेरच्या अंगाला असावी, म्हणजे सुटलीच तर शेपटीवर आदळणार नाही. बहुतेक ग्लायडरवर मध्यरेषेपासून २.५ मीटर पुरतात.

पाय पंखाच्या खालच्या बाजूला १०० मिमी टेकतील असे हलके वाकवा. जेलकोटवर (पंखाच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) ओरखडे नकोत म्हणून आधी टेपचा एक थर द्या. मग प्रत्येक पायावर टेपचे दोन आडवे-उभे थर, मागच्या कडेवरून वर वळवून. नळ्यांची तोंडं मागच्या कडेपासून १२० मिमी मागे यावीत, म्हणजे ८०० मिमी कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या) १५ टक्के. फार जवळ आणलं तर तिथला स्थिर दाब मुक्त हवेपेक्षा वेगळा असतो आणि हिशेब चुकतो. फार मागे नेलं तर वेक रुंद होऊन फणीबाहेर जातो. पायांमुळे बिघडलेली हवा मागे पाचरीसारखी पसरते. पायाच्या पुढच्या टोकापासून तोंडांपर्यंत २२० मिमी आहेत. दर बाजूला १० अंश धरले तरी पसारा ३९ मिमी होतो, आणि पाय ७५ मिमीवर आहेत.

बसवल्यावर स्प्रिंगकाट्याने फणी मागे २ किलो आणि खाली १ किलो ओढून पाहा. कंट्रोल पूर्ण हलवून आणि एअरब्रेक पूर्ण उघडून सगळं मोकळं असल्याची खात्री करा. सिलिकॉन नळ्या मागच्या कडेजवळून खालच्या बाजूने आत न्या, दर २०० मिमीला टेप. कॉकपिटमध्ये नळी चिमटत नाही ना, हे कॅनोपी बंद करून पाहा.

वेगाचा दाब मिळवायला ग्लायडरच्या पिटो (एकूण दाब घेणाऱ्या) आणि स्थिर दाबाच्या नळीला टी-जोड द्यावा लागतो. तो अभियंत्यानेच द्यावा आणि नंतर गळती तपासावी. तिथे गळती झाली तर वैमानिकाचा वेगदर्शक खोटं बोलतो. फणीजवळच्या स्थिर दाबावरून वेग काढू नका, पंखाने तो बदललेला असतो.

उड्डाण

पहाटेची शांत हवा हवी. थर्मल (गरम हवेचे वर चढणारे झोत) सुरू झाले की मोजणी संपली. सेन्सर २० मिनिटं आधी सुरू करा आणि सावलीत ठेवा. वैमानिकाने फक्त उडवायचं. नोंदी दुसऱ्याने घ्यायच्या.

ओढून नेणारा दोर (टो) सुटल्यावर कॉक फिरवून शून्य घ्या. मग ८०, ९०, १००, ११०, १२० आणि १४० किमीवर सरळ उड्डाण, कॅनोपीवरचा धागा मध्यावर (म्हणजे ग्लायडर तिरका सरकत नाही), वेग ±२ किमीत. प्रत्येक वेगावर ४५ सेकंद, त्यातले पहिले १५ टाकून द्यायचे. सेन्सर सेकंदाला २० वेळा वाचा आणि उरलेल्या ३० सेकंदांची सरासरी घ्या. दर दोन वेगांनंतर पुन्हा शून्य. शेवटी पहिला वेग परत उडवा. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत ३ टक्क्यांहून जास्त फरक आला तर ती मालिका वापरू नका. असा एक फेरा साधारण ३००-४०० मीटर उंची खातो, त्यामुळे १,५०० मीटरवरून दोन फेरे आरामात होतात.

वेक फणीतच आहे ना? वेग बदलला की पंखाचा कोन बदलतो आणि वेक वरखाली सरकतो: १२० मिमी मागे ५ अंशांनी सुमारे १० मिमी. वेकची रुंदी ३० ते ५० मिमी धरली तर १०० मिमीची फणी पुरते, पण खात्री करा. फणी १० मिमी वर सरकवून दुसरं उड्डाण करा. आकडे तेच आले तर वेक पूर्ण आत आहे. कमी वेगाला आकडा घसरला तर वेकचा एक काठ बाहेर जातोय.

हिशेब

समजा १०० किमीला घट २९.५ पास्कल आणि वेगाचा दाब ४७३ पास्कल. गुणोत्तर ०.०६२४. त्याला फणीची उंची भागिले कॉर्ड, म्हणजे १०० ÷ ८०० = ०.१२५ ने गुणलं की ०.००७८. हा कच्चा ड्रॅग गुणांक. कॉर्ड फणीच्याच जागी मोजलेली हवी.

कच्चा का, तर दाबाची घट आणि गतीची घट एकाच प्रमाणात जात नाहीत. वेकमधला वेग बाहेरच्या वेगाच्या ०.९ असेल तिथे दुरुस्ती ०.९५, ०.८ असेल तिथे ०.८९, ०.७ असेल तिथे ०.८२. सूत्र सोपं आहे: त्या वेगगुणोत्तराची दुप्पट, भागिले एक अधिक तेच गुणोत्तर. संपूर्ण वेकची सरासरी ०.८८ धरली तर उत्तर ०.००६९ येतं. लॅमिनार पंखाला (ज्याच्या बऱ्याच भागावर सीमास्तर न खवळता वाहतो), १५ लाखांच्या आसपास रेनॉल्ड्स अंकाला (वेग, कॉर्ड आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा अंक), हे पटण्याजोगं आहे. नेमका आकडा हवा असेल तर एकच नळी वेकमधून ४-४ मिमी सरकवत नेऊन वेकचा आकार एकदा काढावा लागेल. पण आधी-नंतरची तुलना करायची असेल तर कच्चा आकडाही बरंच सांगतो.

तुलना एकाच सकाळी, त्याच वजनाने, त्याच वेगांवर करा. पुढच्या कडेपासूनच सीमास्तर खवळला, तर प्रोफाइल ड्रॅग दीडपटीच्या वर जातो. फणी बरोबर चालते का, हे पाहायला हीच उत्तम चाचणी: फणीच्या समोर, पुढच्या कडेजवळ ३०० मिमी लांब झिगझॅग टेप लावून उडा. आकडा ठळक वाढला नाही तर दोष साधनात आहे.

आकडे विचित्र आले तर

सगळ्या वेगांना घट सारख्याच पास्कलने जास्त किंवा कमी दिसत असेल तर शून्य सरकलं आहे. वेग वाढेल तशी घट अपेक्षेपेक्षा फार कमी वाढत असेल तर संदर्भ नळीच्या जोडात गळती शोधा, कारण तिच्यातला दाब सर्वांत जास्त असतो आणि गळतीची चूक वेगाच्या वर्गाने वाढते. घट ऋण आली तर नळ्या उलट जोडल्या आहेत. आकडा अचानक गोठला किंवा फार हळू हलू लागला तर नळीत पाणी आहे. पाऊस आणि ढग दोन्ही टाळा, आणि पार्किंगमध्ये तोंडांवर लाल फीत लावलेलं रबरी झाकण ठेवा.

पाणी काढायला उलटीकडून फुंकायचं असेल तर आधी सेन्सर सोडवा. तोंडाने मारलेली फुंकर काही हजार पास्कलची असते, आणि २४९ पास्कलच्या सेन्सरचं शून्य त्याने कायमचं हलू शकतं. फुंकून झाल्यावर समानतेची तपासणी पंचवीसही नळ्यांची पुन्हा करा. कोठीत उरलेला एक थेंब पुरेसा असतो.